बेचाळीस चादरींची साक्ष

मी, वय एकोणऐंशी, प्रसूतिगृहाच्या धुलाईघरात सव्वीस वर्षे राबलेली बाई, हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. कोणी हात धरून लिहायला बसवलेले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते रागाच्या भरात लिहिले होते. हेही रागातच लिहिते आहे, पण विचार करून.

१. राहती खोली आणि धुण्याचे मोठे पातेले माझ्या पुतणीला. अट कलम चारमध्ये.

२. जुन्या चादरी पांढऱ्या करण्याची माझी रीतही तिलाच. जुनी चादर मळाने कमी आणि आत राहिलेल्या साबणाने जास्त पिवळी पडते. म्हणून आधी साबण नाहीच. कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून दिवसभर भिजवायची. पाणी चहासारखे होईल, घाबरू नये. ओतून द्यावे, नवे घ्यावे, नितळ निघेपर्यंत. मग थोड्या साबणात उकळायची, चार पाण्यांतून काढायची, नीळ नावापुरती, आणि ओलीच कडक उन्हात. ब्लीच घेतलेच तर आधी पाण्यात, मग चादर. कोरड्या कापडावर कधीही ओतू नये. हे तिच्या आईलाही शिकवले होते.

३. तिची आई म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिला मीच कामाला लावले. एकदा लवकर घरी पळायचे म्हणून तिने कोरड्या चादरींवरच ब्लीच ओतले. बेचाळीस चादरींची चाळण झाली. मेट्रनबाईंनी विचारले, "कुणाचे हे उद्योग?" जावेने मान खाली घालून माझ्याकडे बोट दाखवले. मी गप्प राहिले. मला त्याच दिवशी काढले आणि माझी जागा तिला मिळाली. तेवीस वर्षे आमच्यात एक भिंत आहे. ती अजून मला ताई म्हणते, ते मला ऐकवत नाही. त्यातली एक चादर मी जपली आहे. ती आजच तिच्या हातात देईन. माझ्या मागे तिला काही नाही.

४. जावेने कलम तीन मोठ्याने वाचून साक्षीदार म्हणून सही करावी. न केल्यास खोली विकून प्रसूतिगृहाला नव्या चादरी घ्याव्यात. पुतणीने रडून उपयोग नाही.

५. मेल्यावर माझ्या अंगावर घालायची चादर वरच्या रीतीने धुतलेली असावी. पिवळट चादरीखाली मी निजणार नाही.

ठिकाण: माझी खोली. दिनांक: ९ मार्च.
सही: केली.
साक्षीदार १: समोरचा शिंपी. सही केली.
साक्षीदार २: धाकटी जाऊ. वाचून सही केली.

जोड: सही करून जाऊ म्हणाली, "ताई, तेव्हाच का नाही सांगितलंत? बाईंनी तुमचं ऐकलं असतं." मी जे म्हटले, तेही शिंप्यासमोरच म्हटले, म्हणून लिहून ठेवते: "तू सांगशील म्हणून थांबले होते गं."