निळ्या रेषेवरची दोन पोरं

कॉपर लेक, मॅनिटोबा
१० नोव्हेंबर १९६३

ती. सौ. पारास्काताईस,
धाकट्या ओरेस्टचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि विणलेले मोजे एकाच दिवशी पोचले. मोजे आमच्या सौ. नादियाने पळवले, पत्र माझ्या वाट्याला आलं. तळं पुरतं गोठलंय. शाळेत निम्मी मुलं खोकताहेत आणि उरलेली निम्मी भूमितीच्या तासाला हॉकीचे प्रश्न विचारताहेत. त्यांचा मास्तरच संघाचा कोच, मग दुसरं काय होणार!

खरी बातमी संघाचीच. समोरचा एक गडी शिक्षेच्या बाकावर, आपण पाच, ते चार. अशा अकरा पॉवर प्लेंमध्ये आपला गोल एकही नाही. वासिलदादाचा फटका अजून तोफेसारखा आहे, पण तो कुठून आणि कधी येणार हे आता समोरच्या गोलकीपरांच्या बायकांनासुद्धा ठाऊक झालंय. म्हणून पॉवर प्लेला मी निळ्या रेषेवर, समोरच्यांची हद्द सुरू होते तिथे, दोन पोरं उभी केली. एक थोर्लाक्सन, गिमलीचा, एकोणीस वर्षांचा. दुसरा फ्लेट, वीस. दोघे बचावपटू, पण पकाची रबरी चकती घेऊन रेषेवरून असे सरकतात की समोरच्याला कळतच नाही हा मारणार की देणार. धोका आहेच. त्यांच्यापैकी एकाने पक गमावला, तर मागे गोलकीपरशिवाय कुणी नाही. संघाच्या समितीतले तीन म्हातारे आत्तापासूनच मला वाकड्या नजरेने बघताहेत.

दादा बाकी सगळा वेळ खेळतोच आहे, फक्त पॉवर प्लेची ती दोन मिनिटं गेली. त्याने स्केट बांधले आणि बर्फावर उतरला. त्याचं कमी बोलणं तुला माहीतच आहे.

भावजींना नमस्कार. पत्र आणि लोभ दोन्ही येत राहावं, मोजेसुद्धा.
तुझा ओरेस्ट


कॉपर लेक
३ डिसेंबर १९६३

ताईस वासिलचा नमस्कार.

मला वाईट वाटलं का, असं विचारलंस. वाटलं.

त्या शनिवारी सकाळी ओरेस्ट माझ्याकडे कॉफीला आला होता. दोन कप प्याला, स्टेफाचा खसखशीचा रोल खाल्ला, छपरावरच्या बर्फाबद्दल बोलला आणि गेला. संध्याकाळी बर्फाच्या रिंकवर पोचतो, तर कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर नावांचा कागद. मी चष्मा घरी विसरलो होतो, म्हणून गोलकीपरने सगळ्यांदेखत मोठ्याने वाचून दाखवलं. पॉवर प्लेला माझं नाव नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा.

काढायचं तर काढ ना! मी छत्तिसाचा आहे, माझे गुडघे कुरकुरतात ते मला आधी ऐकू येतं. पण माझ्याच टेबलाशी बसून तोंडातून एक शब्द निघू नये?

गंमत म्हणजे तो थोर्लाक्सन तांब्याच्या भट्टीवर माझ्याच हाताखाली आहे. संघात घेतलेल्या पोराला कंपनी काम देते, तसं त्याला दिलं आणि गळ्यात माझ्या मारलं. पहिले चार दिवस मान वर करून बघेना. शेवटी मीच त्याला माझ्या डब्यातली बटाटा भरलेली पिरोही दिली, तर आता रोज निम्मा डबा तोच खातो. जेवणाच्या सुट्टीत बाकावर नट-बोल्ट मांडून त्याला दाखवतो, की समोरचा डाव्या कडेचा विंगर कुठून झडप घालतो आणि अर्धं पाऊल मागे आलं की तो कसा फसतो. पोराला समज आहे. हे ओरेस्टला कळवू नकोस.

सहा जानेवारीला, आपल्या नाताळच्या आदल्या रात्री, त्याच्याकडे जेवायला मी जाणार नाही. स्टेफा आणि मुलं जातील.

माया कमी करू नकोस. उत्तराची घाई नाही.
वासिल


विनिपेग
११ डिसेंबर १९६३

चि. ओरेस्ट यास ताईचे आशीर्वाद, या वेळी जरा हात आखडता घेऊन.

पोरं खेळवलीस त्याबद्दल मी बोलत नाही. लहानपणी तुम्ही दोघं मला गोलात उभं करून माझ्या नडग्या फोडायचात. कोण मारणार हे ठाऊक असलं की अडवायला सोपं जातं, हे मला तू शिकवायला नको.

पण वासिलच्या घरी जाऊन दोन कप कॉफी प्यालास आणि त्याला सांगितलं नाहीस! शाळेत प्रगतिपुस्तक मुलांच्या हातात देतोस, की दारावर चिकटवतोस? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का रे? बाबा गेले तेव्हा सतराव्या वर्षी भट्टीवर कोण गेलं आणि कॉलेजात कोण गेलं, ते मी उगाळत बसणार नाही. तुझं तुलाच आठवत असेल.

त्याच्याकडे जा आणि तोंडाने सांग. उशीर झालाय, तरी जा.

नादियाला म्हणावं, बोर्श्टच्या रश्शात बीट कंजुषी न करता घाल. माझा लोभ आहेच, तो रागावूनसुद्धा असतो.
तुझी ताई


कॉपर लेक
१२ जानेवारी १९६४

ती. सौ. ताईस सा. न.

आधी चांगलं सांगतो. पोरांनी पॉवर प्लेला नऊ गोल करून दिले. उलटे तीन बसले, पण हिशेब आपल्या बाजूला आहे. थोर्लाक्सन तर ओळखू येत नाही. डावा विंगर झडप घालायच्या आत अर्धं पाऊल मागे येतो आणि मग पास देतो. मी सांगितलेलं एखाद्याने इतकं मनावर घेतलेलं शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

आता दुसरं. सहा तारखेला नाताळचे बाराही पदार्थ झाले, वहिनी आणि मुलं आली, दादा आला नाही. मुलांनी विचारलं तेव्हा वहिनीने त्याची भट्टीवर पाळी आहे म्हणून सांगितलं. त्याची पाळी नव्हती, भट्टीच्या फाटकावरचा तक्ता मी पाहून आलो होतो.

तू म्हणालीस म्हणून दोनदा त्याच्या दाराशी गेलो. पहिल्यांदा दार न वाजवताच परतलो. दुसऱ्यांदा वहिनीने दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, की बर्फ उपसायचं फावडं आहे का. आता माझ्याकडे दोन फावडी आहेत.

हसू नकोस. मला स्केटवर उभं राहायला त्याने शिकवलं. त्याच माणसाला तू आता पुरा पडत नाहीस, हे कुठल्या तोंडाने सांगू? त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. पण तो नुसता बरं म्हणेल, आणि ते मला सोसणार नाही.

अजून आशीर्वाद शिल्लक असले तर पाठव.
ओरेस्ट


कॉपर लेक
१७ मार्च १९६४

ताईस वासिलचा नमस्कार.

उपांत्य सामना हरलो. तुला पेपरात दोन ओळी दिसतील, म्हणून नीट लिहितो.

शेवटच्या सत्रात दोन-एक असे पुढे होतो. आपल्याला पॉवर प्ले मिळाला. थोर्लाक्सन घाईत आडवा पास द्यायला गेला, त्यांच्या माणसाने तो मधेच उचलला आणि एकटाच जाऊन गोल केला. दोन-दोन. पुढच्याच मिनिटाला त्यांचा आणखी एक गडी शिक्षेवर गेला. सगळं रिंक माझ्या नावाने ओरडायला लागलं. थोर्लाक्सन बाकावर टॉवेलात तोंड खुपसून बसला होता.

ओरेस्ट बाकामागून माझ्यापर्यंत आला, वाकला आणि त्याने विचारलं, की दादा, काय करू, तू उतरतोस का. नोव्हेंबरपासून त्याने मला विचारलेली ही पहिली गोष्ट. खोटं सांगत नाही, ताई, मी उठलोच होतो. पण म्हटलं, पोरांनाच पाठव. आत्ता बसवलंस तर हा पोरगा त्या रेषेवर पुन्हा कधी छाती काढून उभा राहायचा नाही. त्याला अर्धं पाऊल मागे यायची आठवण कर, घाबरला की विसरतो. ओरेस्ट माझ्याकडे बघतच राहिला. पोराला कुणी शिकवलं ते त्याला तेव्हा कळलं.

पोरंच गेली. थोर्लाक्सनने पास नेमका दिला, फ्लेटने मारलेला पक खांबावर आपटून बाहेर आला. दोन मिनिटांनी त्यांनी तिसरा गोल केला आणि संपलं.

नंतर ओरेस्ट खोलीत माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, हो, हवं होतं.  निघताना, माझं फावडं परत कर, असंही सांगितलं.

मी खेळ सोडतोय. तू वाईट वाटून घेऊ नकोस.
वासिल


कॉपर लेक
६ एप्रिल १९६४

ती. सौ. ताईस ओरेस्टचा सा. न. वि. वि.

समितीने मला काढलं. अख्खा हंगाम दोन पोरांच्या हाती दिला, असं कारण सांगितलं. मीही वाद घातला नाही.

काल दुपारी दादा आला. भट्टीच्या कपड्यांतच, तोंडावर काजळी. नादियाने खुर्ची पुढे केली, पण बसला नाही. म्हणाला, समितीने तासाभरापूर्वी मला कोच हो म्हणून विचारलंय. अजून हो म्हटलेलं नाही. तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत माझ्या तोंडून कळावं म्हणून घरीसुद्धा न जाता आलो. राग येणार असेल तर आत्ताच ये, मी उभा आहे.

राग आला, ताई, उगाच लपवू कशाला! पण त्याहून लाज जास्त वाटली. मला चार महिन्यांत जे जमलं नाही, ते त्याने दारातल्या पायपुसण्यावर उभं राहून केलं. मी म्हटलं, दादा, हो म्हण. तुझ्याइतका खेळ इथे कुणाला कळतो?

तो निघाला तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, की पॉवर प्लेला रेषेवर कुणाला उभं करणार. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारतोय. म्हणाला, ती दोन पोरं, दुसरं कोण? समितीला आधी ते सांगणार, ऐकलं तर हो म्हणणार, नाहीतर त्यांनी दुसरा कोच बघावा.

तो गेल्यावर मी वह्या तपासायला बसलो आणि मला रडू आवरेना. नादियाने विचारलं, संघ गेला म्हणून का. मी तिला हो म्हटलं.

तुझा लोभ आम्हा दोघा भावांवर सारखाच राहू दे.
ओरेस्ट