कापून दिलेली स्ट्रिप

३ फेब्रुवारी, मंगळवार

जितेशने आज भर चौकात मला गाढव म्हटलं. बरोबर म्हटलं!

मी हसत सांगत होतो — डिसेंबरात आमच्या प्राचीताईला पिंपलच्या गोळ्या दिल्या. कॅम्प दोनच्या मेडिकलात कामाला आहे ना मी, तीन महिने एकाच जागी, रेकॉर्डच! खोक्यावर पोटुशी बाई आणि तिच्यावर लाल काट. म्हटलं, ताई, पिंपल पण जातील, दिवस पण राहणार नाहीत, दोन्ही कामं! जानेवारीत तिने परत दोनदा मागवल्या. आमच्याकडे खोकं गिऱ्हाइकाला जातच नाही. कात्रीने स्ट्रिप कापायची, पुडी बांधायची. डॉक्टरची चिठ्ठी कोण मागतो!

जितेश माझा दोस्त, फार्मसी शिकतो. त्याचं तोंडच उतरलं. "अरे, त्याने दिवस जायचे थांबत नाहीत! दिवस गेले तर पोटातल्या बाळात व्यंग येतं. म्हणून ती काट!"

५ फेब्रुवारी

बदलापूर गावात जितेशच्या घरी. तो गोळीबरोबर अ जीवनसत्त्वाचं नाव घेत होता. म्हटलं, अ जीवनसत्त्व म्हणजे गाजर ना? तो म्हणाला, गोळी त्याच्याच भावकीतली, पण गाजर नव्हे. ती पेशीत शिरते, पार केंद्रकापर्यंत. तिथे रिसेप्टर असतात — साहेब समज. स्टेरॉइड हार्मोनचे साहेब आणि हिचे साहेब एकाच घराण्यातले. हाताखालची माणसंही बरीचशी तीच. एकाने जास्त ओढली, की दुसऱ्याचं काम अडतं. कुठला जीन चालू, कुठला बंद — हुकूम त्यांचा. "बाळाचे कान, हृदय, सगळं हुकमानेच घडतं. नको तेव्हा जास्त हुकूम सुटले की..."

मी मध्येच खिडकीतली घार बघत बसलो होतो. मग एकदम आठवलं — ताई!

६ फेब्रुवारी

ताईला फोन. "पाळी चार दिवस लांबलीय. तुला काय करायचंय रे मेल्या?" म्हटलं, काही नाही, आणि फोन ठेवला.

७ फेब्रुवारी, शनिवार

टेस्टचं किट घेऊन निघालो ताईच्या सासरी, पालेगावला. वाटेत जीन्सच्या कारखान्यात बटणं ठोकायचं मशीन बघत तासभर उभा! असा मी.

ताईच्या जाऊबाई, माधवीवहिनी, चहा घेऊन आल्या. चेहरा काय साफ झालाय त्यांचा! ओठ मात्र फुटलेले, तूप चोळत होत्या. "थंडी हो भाऊ, दुसरं काय." ताईला मोरीपाशी गाठलं, किट दिलं. आधी एक रट्टा बसला. म्हटलं, गोळ्या बंद कर. "बरं बाबा, बरं!" का बंद कर, ते सांगायची हिंमत झाली नाही.

८ फेब्रुवारी

ताईचा मेसेज — एकच रेघ. नाही! नाही! नदीवरच्या बॅरेजपर्यंत चालत गेलो, पाण्याकडे बघून ओरडलो. आता नोकरी सोडावी. गोव्याला जावं.

११ फेब्रुवारी

ताईचा फोन, खिदळत. "अरे, त्या गोळ्यांनी माझे ओठ फाटले, मी तिसऱ्या दिवशीच सोडल्या. नंतर मागवल्या त्या माधवीला. तू म्हणालेलास ना, दिवस राहत नाहीत — तिने बाकी सगळं बंद केलं. आणि बघ आता, दुसरा महिना! कसला रे तू मेडिकलवाला!"

चप्पल घातलीय. पालेगाव. आज वाटेत कुठे थांबायचं नाही.