छत्रीचं वटवाघूळ

रेवदंडा, मंगळवार, संध्याकाळ

बोंबील साफ करायची कात्री पुन्हा गायब! या घरात माझी दाद लागायची कुठे? शेवटी लेकीकडे सापडली, तिच्या बाबांची, सुधीरची काळी छत्री कापताना. सईला सध्या गॉथिक दिसायचंय, म्हणजे नुकतंच कबरीतून उठून आल्यासारखं. गळ्याशी घट्ट बसणाऱ्या पट्ट्यावर छत्रीच्या कापडाचं वटवाघूळ हवंय. विकतचं म्हणे खोटं वाटतं.

शिवाय काळे मणी हवेत. "आई, तुझ्या डबीतले घेऊ?"

माझ्या मंगळसूत्राचे. सुधीर गेला तेव्हा वन्संनी सोन्याच्या वाट्या जपून ठेवल्या. मणी कुणालाच नको होते, म्हणून मी डबीत टाकले. नंतर डबी उघडली नाही. का नाही उघडली?

"घे," म्हटलं, "तुझ्या भुतांना शोभतील." आवाज नीट निघाला असावा.

ओटीवरून सासूबाई कडाडल्या, "अगो, ते मणी काय खेळायचे हायेत?"

सईचा हात थांबला. मीच म्हटलं, "ओवू दे तिला, आई."

मणी ओवून झाल्यावर माप बघायला तिने पट्टा माझ्याच गळ्याला लावला. तेच काळे मणी. मानेला गार लागले.

"घट्ट होतोय? काढू?"

"थांब जरा."

ती मागे हूक धरून उभी राहिली.