एका रेघेची म्हैस

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुरस्काराची ढाल शेवटी कितीला पडली ते आज मांडून बघितलं. बारा वर्षं. डाव्या गुडघ्यावर मुऱ्हा म्हशीची एक लाथ — जिना चढताना ती अजून बोलते. बायकोच्या, पूर्णिमाच्या, दोन भावांची लग्नं चुकली. त्यातलं एक मी आपणहून चुकवलं, पण तेही संशोधनाच्याच खात्यावर टाकतो. एवढं करून ढाल आली ती प्लॅस्टिकची. टीव्हीवर ठेवायची म्हटलं तर टीव्ही भिंतीला. पूर्णिमानं ती फ्रिजवर ठेवली, लसणाच्या टोपलीशेजारी.

संस्थेनं वर अर्जही मागवलाय : ‘आपल्या संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम.’ कोडोलीत सायकलला कॅन अडकवून दूध घालणाऱ्याच्या पोराला असं काही विचारू नये. तो थांबत नाही.

लिहिलं — दुधात बुडवायची आमची पट्टी. दोन रेघा उमटल्या तर म्हशीला ब्रुसेल्ला, एकच उमटली तर म्हैस निरोगी. या रोगानं म्हैस गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. तिचं कच्चं दूध पिणाऱ्याला महिनोन्महिने येऊन-जाऊन ताप, गरोदर बाईचं तर मूलही जाऊ शकतं. आणि शेवटी ठोकून दिलं : ‘या पट्टीमुळे जिल्ह्यातील हजारो घरे वाचली.’

घरं मी मोजलेली नाहीत. पट्ट्यांचा खप मोजला.

६ नोव्हेंबर

फरहीन — प्रयोगशाळेत माझ्याबरोबर काम करते, माझ्याहून हुशार, पण हे तिला सांगायचं नाही — अर्ज वाचून म्हणाली, “सर, ‘वाचली’ कशावरून?”

“खप बघ की.”

“खप वाढला म्हणजे पट्ट्या विकल्या गेल्या. घरं वाचली कशी म्हणायची?”

तिला चहा पाजला. वाक्य तसंच पाठवलं.

९ नोव्हेंबर, रविवार

कुरुंदवाडहून आक्काचा फोन. थोरली बहीण, झुंबरबाई. फोनवर असं बोलते की मधे फोन नसता तरी चाललं असतं.

“किसना, म्हस घेतली बाजारातनं. मोना बाळंतपणाला आलीया, सातवा सरत आलाय. सकाळ-संध्याकाळ धारंचं दूध देतोय तिला, पेला भरून.”

धारोष्ण दूध! माझं ठरलेलं भाषण मी सुरू केलं. तिनं दुसऱ्या वाक्याला तोडलं.

“तुझी पट्टी बघूनच घेतलीया की. आकाराम दलालानं खिशातनं काढून दावली, एकच रेघ. माझ्या भावानंच काढलीया म्हटल्यावर त्यानं हात जोडलं, पट्टी माझ्याच हातात दिली.”

छाती अशी फुगली की तरीपण उकळून दे म्हणायचंही राहिलं. आपलीच पट्टी, आपणच कशाला शंका काढा.

१२ नोव्हेंबर

अर्जाला फोटो हवेत म्हणून जनावरांच्या बाजारात गेलो. मफलर, टोपी. चहाच्या गाड्यावर पाठीमागं कोणीतरी आकाराम म्हणून हाक मारली, तसे कान तिकडं वळले. दलाल एका नवख्याला धंदा शिकवत होता.

“दूध काढत बसतोस कशाला? पाण्यात बुडीव. एक रेघ येतीच.”

“आन् दोन रेघांची म्हस?”

“ती तर आपल्याकडंच येती. लोक घरात बघत्यात, दोन दिसल्या की गपगुमान बाजारात. आधी म्हस गाभडायची तवा कळायचं, आता लगीच कळतंय. ज्यानं पट्टी काढली त्येचं भलं हूं दे.”

मग माझ्याकडं वळला. “पावणं, म्हस बघायची व्हय?”

पहिली रेघ फक्त पट्टी चालू आहे एवढंच सांगते. ती पाण्यात येते, चहात येते, गटारातही येईल. ती तशी मीच ठेवलीय. बारा वर्षं मी दूध तपासत होतो. पट्टी दुधातच बुडवलीय का, हे तपासायचं डोक्यात आलं नाही.

तिथूनच आक्काला फोन केला. मोनाला ते दूध थांबव म्हटलं. उद्याच येतो म्हटलं.

१३ नोव्हेंबर

फरहीनला घेऊन कुरुंदवाड. म्हशीची धार काढली, पट्टी बुडवली. दोन रेघा. दुसरी तर जास्तच ठसठशीत.

मायलेकींचं रक्त घेतलं. मोनाला विचारलं, रोज पेत होतीस? आईकडं बघून तिनं होय म्हणून मान हलवली. आक्का ओरडली नाही. आक्का ओरडत नाही तेव्हा मला भीती वाटते.

म्हणाली, “तुझं नाव हाय म्हणून घेतली रं. पोरीच्या पोटात बाळ हाय.”

माझ्याकडं काय होतं? पुरस्कार होता.

मग डोळे पुसून ती व्यवहारावर आली. “परत बाजारात नेतो. एका रेघेची पट्टी हाय की माझ्याकडं, जपून ठेवलीया.”

“आक्का, तिथं दुसऱ्या कुणाची तरी मोना असेल.”

“मग तू घे.”

घेतली. म्हैस संस्थेच्या वेगळ्या गोठ्यात बांधली. दूधवाल्याच्या पोरानं आयुष्यात पहिली म्हैस घेतली, तीही दोन रेघा बघून.

१४ नोव्हेंबर

संस्थेला कळवलं : ते वाक्य काढा, पट्टीची विक्री थांबवा, पाण्यातही एक रेघ येते. साहेब म्हणाले, “हे आत्ताच सांगायला हवं का?” म्हटलं, बारा वर्षं उशीर झालाय, आणखी किती करू.

फरहीननं तिसरी रेघ सुचवली, दूध असेल तरच उमटणारी. मी म्हटलं, आपल्याला आधी कसं सुचलं नाही? ती म्हणाली, “सर, आधी आपण बाजारात कुठं गेलतो?”

१७ नोव्हेंबर

रिपोर्ट नाही. आक्का फोन उचलत नाही. पूर्णिमानं ढाल फ्रिजवरून काढून कुठंतरी ठेवली. विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर

दोघींचे रिपोर्ट निगेटिव्ह. मोनाला फोन केला. ती हळू आवाजात म्हणाली, “मामा, आईला सांगू नका. त्या दुधाचा वास सोसायचा न्हाय मला. पयल्या दिवसापासनं पेला मोरीत वतत होतो.”