चोवीस इंची सायकल

निगडी,
ता. ६ एप्रिल १९५८

प्रिय दादा,

आईला आणि वहिनीला साष्टांग नमस्कार. तुला करायचा की नाही ते पत्र लिहून झाल्यावर ठरवीन. तुझं पत्र परवा पोचलं. दुर्गाचं लग्न वैशाखात धरलंय, मांडव दारातच घालणार, आणि नवरदेवाला, म्हणजे रहाटणीच्या यशवंतरावांना, माझ्या लग्नात दिली होतीस तशीच उंच चोवीस इंची सायकल पुण्याच्या त्याच दुकानातून आणणार. धाकट्या बहिणीचं लग्न ठरल्याचं वाचून मला आनंदच व्हायचा. पण खाली तू दोन ओळी जादा लिहिल्यास. पाहुण्यांनी जरा जपून चालवायला हवी होती, एवढी भारी वस्तू दिली तिचं चीज झालं नाही. दादा, ज्या माणसाचा पाय तीन आठवडे प्लास्टरात आहे त्याच्या घरी असं लिहितात का रे? बघायला आला नाहीस ते नाहीसच, वर हे. पत्र नेमकं ह्यांच्याच हातात पडलं. मी विहिरीवरून आले तर हे खाटेवर बसून हसत होते. का हसत होते ते मागाहून लिहिते. आधी लिहिलं तर तू पुढचं वाचायचा नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

ती सायकल कशी घेतलीस ते आधी आठव. आबा गेल्यानंतर घरातलं पहिलं कार्य माझं. कुठे काही कमी पडू द्यायचं नाही हे तू मनावर घेतलंस, ते मी विसरलेले नाही. पण आदल्या वर्षी हिंदुरावकाकांनी त्यांच्या जावयाला बावीस इंची दिली होती, म्हणून आपली चोवीसची, सांगाड्यानं दोन इंच उंच. काकांची कशी जिरवली, हे तूच ओट्यावर बसून आईला सांगत होतास. दुकानात तू स्वतः दांडीवर टांग टाकून उभा राहिलास. तुझे दोन्ही तळवे जमिनीला टेकले, दांडी आणि अंग यांत चार बोटं जागा राहिली, दुकानदार म्हणाला अगदी मापाची आहे, आणि तू हरखून घेऊन आलास. अरे, पण तिच्यावर बसणार कोण होतं? तू सहा फुटी गडी. हे तुझ्या खांद्याला लागतात. साखरपुड्याला दोघं शेजारी उभे होतात, तेव्हा तुला दिसलं नाही? दुकानदारानं विचारलंही होतं म्हणे, चालवणाऱ्याची उंची किती. तू म्हणालास, जावयाची उंची विचारत फिरायची आमच्यात पद्धत नाही. हेही तूच मिशीला पीळ देऊन घरी सांगितलं होतंस, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मीही काही कमी नव्हते, ते कबूल करते. मांडवात रुखवताशेजारी ती सायकल झेंडूची माळ घालून उभी होती आणि मी मुंडावळ्यांआडून तिच्याकडे बघून फुगले होते. मारुतीच्या दर्शनाला जाताना दोघांनी धरून ह्यांना वर बसवलं. पाय लोंबत होते. बायका म्हणाल्या, नवरा लाजतोय. मीसुद्धा हसले. ते हसणं आठवलं की आता माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पुढची दोन वर्षं मी काय बघितलं ते ऐक. सीट खाली दाबून दाबून अगदी दांडीला टेकवली, तरी ह्यांचा पाय खालच्या पायडलला पुरत नव्हता. मग सुताराकडून लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले आणि पायडलला तारेनं बांधले. तरीही कंबर डावीउजवीकडे झुलवल्याशिवाय चाक पुढे जात नव्हतं. कारखान्यातल्या लोकांनी नाव पाडलं झोपाळा. झोपाळा आला, झोपाळा निघाला. निगडीबाहेर मुंबई रस्त्यावर मैलाचा दगड आहे, त्यावर चढून हे सायकलवर बसायचे, आणि पिंपरीत कारखान्याच्या फाटकाशी मोरीचा कठडा आहे तिथे उतरायचे. मधले चार मैल थांबायची सोय नाही. तहान लागली तरी थांबायचं नाही, कुणी ओळखीच्यानं हाक मारली तरी थांबायचं नाही. लोकांना वाटायचं सोपानरावांना कंपनीत लागल्यापासून शिंगं फुटली. सासूबाई एकदा म्हणाल्या, ही बदलून बावीसची आण की रे. तर हे म्हणाले, चेनकव्हरवर शालनच्या भावाचं नाव आहे, नाव घातलेली वस्तू बाजारात कशी न्यायची. तू रंगाऱ्याकडून पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलंस ना, ज्योतीराम यांजकडून, मुक्काम ताथवडे. त्या अक्षरांनी आमचे हात बांधले.

अपघाताच्या दिवशी पहिल्या पाळीला जाताना आकुर्डीजवळ मेंढरं आडवी आली. दुसरा कुणी असता तर ब्रेक दाबून एक पाय खाली टेकवून उभा राहिला असता. ह्यांनीही ब्रेक दाबला आणि पाय टाकला. पाय लोंबकळत राहिला. सायकल उजवीकडे कलंडली, समोरून आपल्या कोंडाजीची दगडांची बैलगाडी येत होती. त्यानं बैल खेचून धरले, तरी चाक घोट्यावरून गेलंच. बिचारा आजही आमच्या दारात येऊन डोळे पुसतो, त्याचा काडीचा दोष नसताना. डॉक्टर म्हणतात हाड जुळेल, पण लंगडणं राहील. कायम व्हायला ह्यांना एक महिना उरला होता. साहेब दोन महिने थांबतो म्हणालेत. मशीनवर आठ तास उभं राहता आलं तर नोकरी, नाही तर नाही. आणि तू लिहितोस, चीज झालं नाही.

आता हे का हसले ते. मी तुझं पत्र वाचलं आणि रागाच्या भरात ह्यांच्यावरच उखडले. म्हटलं, तुम्हीच भोळसट, दोन वर्षांत दादाला एका शब्दानं बोलला नाहीत, म्हणून त्याला हे लिहायची हिंमत झाली. खरं सांगते, दोन वर्षं मी मनातून ह्यांच्यावर चिडूनच होते, की माणसानं एवढं मुकं असू नये. तेव्हा हे म्हणाले, मी बोललो होतो, लग्नाच्या आधीच बोललो होतो. साखरपुड्यात सायकलचा विषय निघाला, तेव्हा हे चिंचवडच्या सायकलवाल्याकडे गेले आणि माप कसं घेतात ते विचारून आले. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायाच्या आतल्या अंगानं वरपासून टाचेपर्यंत सुतळी धरायची. तशी धरून, गाठ मारून, आपलं लग्न जमवणाऱ्या अंबुबाईंच्या हाती ती सुतळी त्यांनी गुपचूप तुझ्याकडे पाठवली, कुणाला कळू नये, तुझाही मान राहावा म्हणून. आणि तू अंबुबाईंना काय म्हणालास? नवऱ्याकडून माप आलं म्हणजे मागणी झाली, आमच्या घरी मागणाऱ्याला मिळत नाही, आम्ही आपल्या मनानं देतो. मला खोटं वाटलं म्हणून काल मी अंबुबाईंना विचारून आले. शब्दन् शब्द खरा निघाला.

इतकंच करून थांबतास तरी चाललं असतं. तू त्याच सुतळीनं रुखवतातल्या शेवयांच्या पिशवीचं तोंड बांधलंस. पिशवी लग्नानंतर आमच्या घरी आली. मी चुलीपाशी होते, पिशवी ह्यांनी सोडली, आणि स्वतः मारलेली गाठ स्वतःच ओळखली. ती सुतळी दोन वर्षं ह्यांच्या पेटीत कपड्यांखाली आहे, आणि मला परवा कळलं. तुझं पत्र वाचल्यावर हसू येईल नाही तर काय होईल. दादा, मला तुझा इतका राग आला आहे की हे लिहिताना दोनदा टाक मोडला. तू वाईट नाहीस, हेच तर जास्त झोंबतं. वाईट असतास तर माहेर तोडून मोकळी झाले असते.

हे पत्र मी भांडायला लिहायला घेतलेलं नाही, भांडण आपोआप झालं. कारण निराळं आहे. आज सकाळी यशवंतराव ह्यांना बघायला आले होते. दोघं एकाच खात्यात आहेत. ते ह्यांच्यापेक्षा थोडे उंच, पण तुझ्यासारखे नाहीत. ह्यांनी पेटीतली सुतळी काढायला लावली आणि त्यांना भिंतीला टेकून उभं राहा म्हणाले. ते लाजून लाल झाले, राहू द्या म्हणाले, मुलीकडच्यांना काय वाटेल म्हणाले. हे म्हणाले, तसली लाज मी पाळून बघितली, तू नको पाळू. मी तोंड फिरवून चुलीपाशी उभी राहिले आणि ह्यांनी खाटेवर बसूनच वाकून माप घेतलं. त्याच सुतळीला दुसरी गाठ मारली. ती या पाकिटात घातली आहे. मोकळं टोक टाचेशी धरायचं; खालची गाठ ह्यांची, वरची यशवंतरावांची. ती घेऊन दुकानात जा, दुकानदाराच्या हातात दे, आणि तो देईल ती सायकल गुपचूप आण, मग ती बावीसची असो नाहीतर विसाची, आणि हिंदुरावकाका काहीही म्हणोत. मी लग्नाला येणार, हे कुबड्या घेऊन येणार. मांडवात सायकलवर माळ चढायच्या आधी यशवंतराव दांडीवर टांग टाकून चार माणसांत उभे राहतील. त्यांचे पाय टेकले नाहीत तर या सुतळीची सगळी हकीकत मी रुखवतासमोर उभी राहून सांगेन. आणि सोमवारी कोंडाजी गाडी घेऊन ताथवड्याला येतोय, त्याच्याबरोबर आपली चोवीसची परत पाठवते आहे. हँडल वाकलं होतं ते लोहाराकडून सरळ करून घेतलंय, ठोकळे काढलेत. ती परत घ्यायला कमीपणा मानू नकोस. तिच्यावर नाव तुझं आहे आणि माप तुझं आहे. उभा राहून बघ, तुझे पाय बरोबर टेकतील.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
शालन