पंचफुलाच्या नावाची कोरी ओळ

मी, दानियेल उकंडा रामटेके, वय ४६, धंदा अध्यापन, राहणार यवतमाळ, पोटाच्या दुखण्याने अंथरुणावर असलो तरी माझी बुद्धी शाबूत आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. मन शांत आहे असेही लिहिण्याची रीत आहे. ते खरे नसल्याने लिहीत नाही.

१. राहते घर व पोस्टातील शिल्लक पत्नी तानाबाई हिची. छपराची पूर्वेकडची कवेलू बदलायची राहिली, त्याबद्दल ती मला बोलेल. ते रास्त आहे.

२. पुस्तके, ज्या धर्मविद्यालयात मी एकोणीस वर्षे बायबलचा जुना करार शिकवला त्याला. त्या शास्त्रातील काळ व इतिहास यांवरील माझे हस्तलिखित मात्र छापू नये. त्याचा चौथा अध्याय परदेशी पंडितांची उसनवारी आहे, असे सहकारी रामराव सोनुले सभेत म्हणाले, तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललो नाही. ते बरोबर होते. माझे टेबल त्यांना द्यावे.

३. न छापण्याचे खरे कारण वेगळे आहे. मी त्यात लिहिले आहे की शास्त्राचे लेखक नुसते आकडे मोजत नाहीत. राजा मेला ते वर्ष, भूकंप झाला ते वर्ष, अशी काळाची खूण करतात. गुलामगिरीतून सुटका झाली तिथून त्यांचे महिने सुरू होतात. हे मी वर्गात आवडीने शिकवत असे.

१९५६ साली धाकटा भाऊ भीमराज दारव्ह्याहून नागपूरला जाऊन बौद्ध झाला. दोन वर्षांनी त्याला मुलगी झाली. त्याचे पत्र आले: घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर वडिलांनी आपली नावे लिहिली, तिथे पंचफुलाचेही लिहा, आईची इच्छा आहे. पत्रावर सन होता बुद्ध संवत २५०२. मी तो लाल शाईने खोडून १९५८ केला आणि विद्यार्थ्याची वही परत करावी तसे पत्र परत पाठवले. खाली एकच ओळ जोडली, की बाप्तिस्म्याशिवाय नोंद होत नाही.

त्यानंतर भीमराज एकदाच आला. अंगणातूनच म्हणाला, "दादा, मी चूक नाही केली. नागपूरला आमची सुटका झाली, तिथून आमचं बुद्धाचं साल सुरू झालं, म्हणून तसं लिहिलं." मी त्याला बस म्हटले नाही.

आई रुखमाबाईला वाचता येत नसे. मी तिला रोज बायबल वाचून दाखवत असे. शेवटच्या आजारात तिने विचारले, "एसाव भावाचं घर सोडून गेला, तरी त्याच्या लेकरायची नावं तुह्या शास्त्रात हायेत. मंग आपल्या पोरीचं काहून नाही?" मी म्हणालो, तो वेगळा प्रश्न आहे. १९६१ च्या मार्चात ती गेली. एसावाच्या त्या वंशावळीवर मी अकरा वेळा व्याख्यान दिले होते. तो वेगळा प्रश्न नव्हता.

४. ते बायबल भीमराजचे. पंचफुलाचे नाव आज लिहायला घेतले, पण माझ्या हाताने लिहिले तर मी क्षमा केल्यासारखे दिसेल, आणि क्षमा मला मागायची आहे. वडिलांच्या शेवटच्या नोंदीखालची ओळ कोरी ठेवली आहे. पोर सहा वर्षांची झाली. अक्षरे जुळवत असेल. तिच्याकडूनच लिहून घ्यावे. त्याखाली माझ्या मृत्यूची नोंद भीमराजने करावी. सन कोणता घालायचा ते त्याने ठरवावे. तो आला नाही तर पान तसेच राहू द्यावे, दुसऱ्या कोणी भरू नये.

वाचून, समजून सही केली.
दानियेल उकंडा रामटेके

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष सही झाली:
रामराव सोनुले, अध्यापक (निरोप मिळताच आले)
अमरसिंग राठोड, कंपाउंडर

यवतमाळ, ९ नोव्हेंबर १९६४.
भीमराजच्या मोजणीने २५०८.