पिवळी खूण

प्रिय दादा,

फोनवर तू हसतोस, आणि तू हसलास की मला जे विचारायचं असतं ते तोंडातच राहतं. म्हणून लिहायला बसले. पत्र आलेलं पाहून तुझ्या कपाळावर आठी पडेल. पडू दे. पण शेवटपर्यंत वाच.

आधी घरचं सांगते. आईचा गुडघा आता बरा आहे, जिना चढताना कुरकुरते तेवढंच. तू मोठ्या शोरूममध्ये लागल्यापासून तुझे फोटो येतात, तू येत नाहीस, असं तिचं म्हणणं. पांढऱ्या हातमोज्यांतला तुझा फोटो पाहून तिने विचारलं, हा गाड्या दुरुस्त करतो की वाढपी झालाय? बाबा हसले, पण फोटो मात्र बराच वेळ बघत बसले. ते तुझ्याबद्दल कमी बोलतात. गिऱ्हाइकांशी बोलताना मात्र 'आमच्या मोठ्याने केलंय' हे वाक्य अजून येतंच.

दातांच्या डॉक्टरांची लाल गाडी सध्या आपल्या गॅरेजमध्ये आहे. थंड इंजिन सुरू केलं की मागून बारीक खडखड ऐकू येते, अशी त्यांची तक्रार. माझ्या पेशंटांपेक्षा हिलाच जास्त वेळा 'आ' करावा लागतो, असं ते किल्ली देताना म्हणाले. बाबांचं मत पडलं की गाडी वयाने तुझ्याहून मोठी, तिचे सांधे वाजणारच. मला मात्र चैन पडेना. त्या गाडीचं इंजिन सीटच्या मागे, आणि बेल्टची बाजू नेमकी सीटमागच्या भिंतीकडे. बेल्ट बघायचा तर सगळं इंजिन खाली उतरवावं लागतं. मी उतरवलं, बेल्टवरचं झाकण काढलं आणि दिवा धरला.

पुढचं तुला माहीत असलेलंच लिहितेय, कारण मलाच ते एकदा नीट मांडून बघायचंय. आपल्याकडे नट घट्ट करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. बाबा घट्ट करतात. मग तपासणाऱ्याने स्वतः पाना लावून बघायचं, आणि नटावरून खालच्या धातूवर रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते. तुझा रंग पिवळा, माझा हिरवा. खूण पडल्याशिवाय इंजिन गाडीत बसवायचं नाही. मी लहानपणी तुझ्या बाटलीतला पिवळा रंग सायकलच्या नटांना फासला होता, तेव्हा बाबांनी सगळ्या रेघा मला खरवडून काढायला लावल्या होत्या. न तपासता खूण करणं म्हणजे खोटी सही, असं म्हणाले होते.

तर बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या नटावर तुझी रेघ होती. सरळ, अखंड. मी सवयीने बोट लावलं आणि नट फिरला. पाना नाही, दोन बोटांनी. खाली गास्केटची मऊ चकती असती तर ती दबून नट सैल झाला असेल म्हटलं असतं, पण तिथे लोखंडावर लोखंड आहे. तो नट सुटला असता तर बेल्ट घसरला असता, वॉल्व्ह पिस्टनवर आदळले असते, आणि डॉक्टरांची गाडी भर वेगात, भर रस्त्यात बंद पडली असती. त्यांच्या शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा त्यांची नात असते.

मी बाबांना हाक मारली. पण माझ्या बोटानेच रेघ तुटली होती. आधी फोटो काढायचा हे सुचलं नाही. बाबांनी लांबूनच पाहिलं, चष्मा खिशातून काढलासुद्धा नाही, आणि म्हणाले, "पिवळी खूण आहे म्हणजे घट्टच होता. उघडताना तुझ्याकडूनच सैल झाला असेल." दुसऱ्या दिवशी माझी हिरव्या रंगाची बाटली फळीवर नव्हती. बाबांच्या टेबलाच्या खणात होती. म्हणजे तपासून खूण करायचं काम माझ्याकडून काढून घेतलं होतं.

त्या दिवसापासून मी सगळ्यांवरच संशय घेतेय, आधी स्वतःवर. रेघ खरंच अखंड होती का? दिवा तिरका होता का? मग बाबांवर. त्यांना दिसलं नाही, की बघायचं नव्हतं? आणि मग तुझ्यावर, ते फोनमुळे. मी तुला म्हटलं होतं की लाल गाडीचा एक नट सैल सापडला. एवढंच. तू म्हणालास, "पुलीचा ना? होतो गं तो कधीकधी." दादा, त्या इंजिनाला नट थोडेथोडके नाहीत. मी पुलीचं नाव घेतलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी हे वाक्य किती वेळा मनात घोळवलं असेल! त्यातून तुला सोडवायची वाट मला काही सापडली नाही.

मग आठवलं. त्या गाडीचं काम तू जायच्या आदल्या आठवड्यात झालं होतं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा. मी दवाखान्यातच होते. बाबा काम अर्धवट टाकून तिकडे आले होते. तो नट ते नेहमी सगळ्यात शेवटी घट्ट करतात, त्यामुळे तो हातानेच लावलेला राहिला असणार. पण त्याचसाठी तर दुसरा माणूस असतो. तुझी नव्या नोकरीची घाई होती. इंजिन तू जागेवर बसवून टाकलंस, आणि खुणा राहिल्याचं नंतर तुझ्या लक्षात आलं. इंजिन उतरवल्याने रिकाम्या झालेल्या जागेत मी शिरले, सीटमागच्या भिंतीवर दिवा फिरवला. जिथे तो नट येतो, बरोबर त्याच्यासमोर पिवळ्या रंगाचा फराटा आहे. इंजिन बाहेर असताना खूण केली असती तर भिंतीला रंग लागलाच नसता. इंजिन बसवल्यावर त्या फटीतून कुंचला जातो, दादा. पाना जात नाही. इंजिन तात्पुरतं जागेवर चढवून मी दोन्ही घालून पाहिलं.

तो फराटा मी बाबांना दाखवलेला नाही. दाखवला तर माझी बाटली मला परत मिळेल, हे मला माहीत आहे. पण मग गिऱ्हाइकांसमोर ते जे वाक्य म्हणतात ते पुन्हा म्हणणार नाहीत. ते त्यांना माझ्याकडून कळावं असं मला वाटत नाही. ते तू सांगायचंस.

आता लिहायचं कारण. बाबा आज तुला फोन करणार आहेत, रविवारी ये म्हणून. लाल गाडीचं इंजिन तू तपासावंस, खूण तुझी असावी, असं त्यांच्या मनात आहे. तू येशील आणि सगळ्यांत आधी ती भिंत पुसशील, असं माझ्या मनात येतं आणि मला माझीच लाज वाटते. पण येतं. म्हणून तू निघण्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. त्या आठवड्यात तुझ्या खुणेने आणखीही गाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या कुठल्या तू पाना लावून तपासल्यास आणि कुठल्या नुसत्या रंगवल्यास, हे जगात फक्त तुला माहीत आहे. त्यांतली राखाडी गाडी घेऊन वकीलसाहेब उद्या मुलांसह लांबच्या प्रवासाला निघणार होते. आज सकाळी मी त्यांना फोन करून थांबवलं, गाडी परत आणायला सांगितली. त्यांनी कारण विचारलं. खोटं मला सुचलं नाही आणि खरं माझ्याने सांगवेना. मी म्हटलं, माझा भाऊ रविवारी येतोय, तो सांगेल. तेही रविवारी येणार आहेत, बाबांसमोर बसून ऐकायला.

तुझीच,
धाकटी